अंगझटीच्या खेळांतील दुखापतींची कारणमीमांसा : अमेरिकन फुटबॉल आणि कबड्डी यांच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

मावळ तालुक्यातील सुदुंबरे हे गाव संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. तुकोबारायांच्या टाळकऱ्यांपैकी एक असलेल्या संताजींनी अभंग लिहून ठेवले म्हणून ते पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचले, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. जे लिहून ठेवले जाते ते टिकते आणि त्यावरच पुढचा विचार उभा राहतो, हा या श्रद्धेतील आशय क्रीडाक्षेत्रालाही लागू पडणारा आहे. मावळात यात्रा-उत्सवांच्या निमित्ताने कुस्तीचे आखाडे भरतात, मंडळांच्या वतीने प्रकाशझोतात कबड्डीचे सामने होतात. कोणत्या वर्षी कोणत्या संघाने चषक जिंकला, हे गाव दीर्घकाळ लक्षात ठेवते. त्या सामन्यांत कोणाचा गुडघा, घोटा वा खांदा कायमचा अधू झाला, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही.

दरम्यान कबड्डीचे स्वरूप मुळापासून बदलले आहे. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ झाला. ग्रामीण मैदानावरचा हा खेळ दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक खेळ बनला. पुणे जिल्ह्यातील बालेवाडीच्या क्रीडासंकुलात त्याचे सामने होऊ लागले आणि मावळातील तरुणांना चरितार्थाचा एक नवा मार्ग दिसू लागला. याबरोबरच गंभीर दुखापतींच्या बातम्याही वरचेवर येऊ लागल्या. या दुखापतींची कारणे कोणती, याविषयी प्रशिक्षक, संघटक, प्रेक्षक व क्रीडाशिक्षक यांच्या चर्चेत काही ठरावीक स्पष्टीकरणे ऐकू येतात. त्या स्पष्टीकरणांची चिकित्सा करणे आणि त्यांच्या जागी अधिक समाधानकारक कारणमीमांसा मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या चिकित्सेसाठी अमेरिकन फुटबॉलच्या अनुभवाचा आधार घेतला आहे. या खेळाचा भारताशी संबंध अल्प आहे. २०१२ मध्ये भारतात एलिट फुटबॉल लीग नावाची स्पर्धा झाली व तीत ‘पुणे मराठाज’ नावाचा संघही होता. परंतु हा खेळ येथे रुजला नाही. तरीही तुलनेचे प्रयोजन आहे. प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात शिरणे आणि शिरणाऱ्यास शरीरबळाने अडवणे, हे दोन्ही खेळांचे मूलतत्त्व आहे. शिवाय व्यावसायिक खेळातील दुखापतींची जितकी प्रदीर्घ नोंद व जितका वाद अमेरिकन फुटबॉलमध्ये झाला, तितका अन्य खेळांत क्वचितच झाला असेल. कबड्डी आज ज्या वळणावर उभी आहे, त्या वळणावरून तो खेळ पूर्वीच गेलेला आहे.

प्रचलित स्पष्टीकरणे

दुखापतींची प्रचलित स्पष्टीकरणे स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत. पहिले स्वभाववादी होय. खेळच रांगडा आहे, त्यात लागणारच, असे त्याचे म्हणणे. दुसरे व्यक्तिवादी. खेळाडूचा व्यायाम कमी पडला, त्याने अंग तापवले नाही, आहार नीट घेतला नाही किंवा तो निष्काळजीपणे खेळला, म्हणून दुखापत झाली, असे ते सांगते. तिसरे साधनवादी. चांगले मैदान, चांगले बूट, गुडघ्यावर पट्टा अथवा डोक्यावर शिरस्त्राण असते तर दुखापत टळली असती, असा त्याचा विश्वास असतो.

या तिन्हींत तथ्यांश आहे, हे मान्य करावे लागेल. अंगझटीच्या खेळात धोका असतोच. थकलेला व अपुरी तयारी असलेला खेळाडू अधिक जखमी होतो आणि खराब मैदान घातकच असते. प्रश्न असा की, केवळ या तीन कारणांनी दुखापतींच्या प्रमाणातील चढउतार उलगडतात काय? खेळाचा स्वभाव तोच असतो, माणसाचा सांधाही तोच असतो. तरीही एका कालखंडात दुखापती वाढतात व दुसऱ्यात घटतात. हे का घडते, याचे उत्तर या स्पष्टीकरणांतून मिळत नाही. अमेरिकन फुटबॉलचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

अमेरिकन फुटबॉलचा अनुभव

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील महाविद्यालयांत हा खेळ अत्यंत हिंसक झाला होता. खेळाडू एकमेकांना घट्ट धरून पाचरीच्या आकारात प्रतिस्पर्ध्यांवर चाल करून जात. या व्यूहरचनेवर १८९४ मध्ये बंदी आली. १९०५ च्या हंगामात किमान १८ खेळाडूंचा मृत्यू झाल्याचे वृत्तपत्रांनी नोंदवले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी पाचारण केले. त्यानंतर १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास परवानगी देणारा नियम आला आणि खेळ मैदानभर पसरला. एकाच ठिकाणी देहांचा ढीग रचला जाण्याचे प्रसंग त्यामुळे कमी झाले. येथे खेळाडूंचा स्वभाव बदलला नव्हता. बदलला होता तो नियम.

साधनवादी स्पष्टीकरणाची मर्यादा शिरस्त्राणाच्या उदाहरणातून अधिक स्पष्ट होते. व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, १९४३ मध्ये शिरस्त्राण सक्तीचे केले. पुढे कठीण प्लॅस्टिकची व तोंडापुढे जाळी असलेली शिरस्त्राणे प्रचारात आली. डोके सुरक्षित आहे या भावनेने खेळाडू डोक्यानेच धडक देऊ लागले. ज्या साधनाने कवटीचे रक्षण करावयाचे, तेच साधन शस्त्र बनले आणि आघात मानेच्या मणक्यांवर जाऊ लागला. १९६८ मध्ये सर्व स्तरांवरील फुटबॉलमध्ये डोके व मान यांच्या आघातांसह प्रत्यक्ष खेळातील इजांमुळे ३६ मृत्यू झाले. त्यानंतर शिरस्त्राणांची मानके ठरली, १९७६ मध्ये शालेय व महाविद्यालयीन स्तरावर डोक्याने धडक देण्यावर बंदी आली आणि १९९० मध्ये असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही.

या परिवर्तनामागे एक महत्त्वाची गोष्ट होती. या खेळातील मृत्यूंचे वार्षिक सर्वेक्षण अमेरिकेत १९३१ पासून चालू होते. १९७५ मध्ये डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी डोके व मान यांच्या गंभीर दुखापतींची स्वतंत्र नोंदवही सुरू केली. मानेच्या दुखापतीने लुळे पडणाऱ्या खेळाडूंपैकी बहुतेकांनी डोके खाली घालून धडक दिली होती, हे त्या नोंदींतून दिसले. नोंद झाली, तिच्यातून कारण दिसले, कारणावर नियम झाला आणि नियमामुळे दुखापत घटली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

याच्या उलट उदाहरणही याच खेळात आहे. मेंदूला वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांच्या परिणामांची दखल दीर्घकाळ पुरेशा गांभीर्याने घेतली गेली नाही. माइक वेबस्टर या विख्यात खेळाडूचा २००२ मध्ये वयाच्या पन्नाशीत मृत्यू झाल्यावर डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई, या विकाराविषयीचा त्यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लीगशी संबंधित वैद्यकीय समितीने तो निष्कर्ष प्रथम अमान्य केला. पुढे हजारो माजी खेळाडूंनी दावे दाखल केले व २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. अंतिम मंजुरीपर्यंत या रकमेची कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. नोंद टाळली की दुखापत नाहीशी होत नाही, फक्त तिचा हिशेब उशिरा होतो, हा या प्रकरणाचा बोध होय.

माती ते मॅट

आता कबड्डीकडे वळता येईल. हुतूतूचे नियम बांधण्याचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रामुख्याने महाराष्ट्रात झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक केले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. आंतरराष्ट्रीय व पुढे व्यावसायिक स्पर्धांमुळे मातीचे मैदान मागे पडले आणि मॅट आली. अनवाणी खेळणारा खेळाडू बूट घालू लागला.

माती व मॅट यांतील फरक केवळ सोयीचा नाही. भुसभुशीत मातीवर पायाला हिसका बसला तर पाय थोडा सरकतो आणि बलाचा काही भाग मातीत जिरतो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट घट्ट रोवला जातो. चढाईपटूचे धड मध्यरेषेकडे वळलेले असताना पाऊल मात्र जागीच राहिले, तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध, ज्याला खेळाडू ‘एसीएल’ म्हणतात, तुटण्यास हीच स्थिती अनुकूल असते. अमेरिकन फुटबॉलमध्ये नैसर्गिक हिरवळ व कृत्रिम हिरवळ यांविषयी असाच वाद आहे. २०१२ ते २०१८ या काळातील आकडेवारीच्या आधारे, कृत्रिम हिरवळीवर प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श न होता होणाऱ्या गुडघ्याच्या दुखापतींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी अधिक असल्याचे तेथील खेळाडूंच्या संघटनेने मांडले. लीगच्या व्यवस्थापनाचे मत वेगळे आहे. तरीही वाद आकड्यांच्या आधारे चालतो, ही बाब महत्त्वाची आहे.

तथापि मॅट वाईट व माती चांगली, असा सरधोपट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. मातीत खडे असतात, ती उंचसखल असते; खरचटणे व घोटा मुरगळणे हे तिचे नेहमीचे परिणाम. खरा धोका एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर अचानक जाण्यात संभवतो. ग्रामीण भागातील मुलगा वर्षभर गावच्या मातीवर अनवाणी सराव करतो आणि जिल्हा वा राज्य निवड चाचणीच्या दिवशी मॅटवर, प्रसंगी दुसऱ्याचे बूट घालून उतरतो. त्याच्या स्नायूंना व तोलाला लागलेली सवय एका पृष्ठभागाची असते आणि परीक्षा दुसऱ्या पृष्ठभागावर होते. खेळाडूचा व्यायाम कमी पडला, असे म्हणणारे व्यक्तिवादी स्पष्टीकरण येथे अपुरे ठरते. त्याचा व्यायाम कमी नसतो. तो वेगळ्या जमिनीवर झालेला असतो, आणि ही विषमता त्याने निर्माण केलेली नसते.

नियम आणि दुखापत

व्यावसायिक कबड्डीने प्रेक्षकांसाठी खेळ वेगवान केला. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. दोन चढाया लागोपाठ निष्फळ गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे भाग पडते, अन्यथा चढाईपटू बाद होतो. बचाव करणाऱ्या संघात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना पकड यशस्वी झाली, तर एक अधिक गुण मिळतो. या नियमांनी खेळ रंगतदार झाला, यात शंका नाही. पूर्वी आघाडीवरचा संघ वेळ काढण्यासाठी निष्फळ चढाया करीत राही, ती कंटाळवाणी पद्धत यामुळे मोडली.

परंतु या नियमांचा दुखापतींच्या अंगाने विचार झालेला दिसत नाही. निष्फळ चढाई ही प्रेक्षकांच्या दृष्टीने नीरस असली, तरी खेळाडूच्या दृष्टीने ती श्वास घेण्याची उसंत होती. निर्णायक तिसऱ्या चढाईत चढाईपटूला निदानरेषेच्या आत खोलवर जावेच लागते. बचावपटूंनाही हे ठाऊक असते. त्यामुळे ते थांबण्याऐवजी झेप घेतात. कमी खेळाडू शिल्लक असताना, जेव्हा साखळी करण्यास सोबती नसतो, तेव्हा अधिक गुणाच्या आशेने एकट्याने घोट्यावर किंवा मांडीवर पकड करण्याचा मोह वाढतो. बचावपटूचा चेहरा व खांदा अशा वेळी चढाईपटूच्या गुडघ्याच्या व टाचेच्या रेषेत येतो. दुखापतीचा धोका त्यामुळे दोघांनाही समान असतो.

हे विवेचन तर्काधिष्ठित आहे. त्याची सत्यता आकडेवारीने तपासावी लागेल. कोणत्या चढाईत, किती बचावपटू असताना, कोणत्या प्रकारच्या पकडीत दुखापत झाली, याचा तपशील प्रत्येक सामन्याच्या चित्रफितीत उपलब्ध असतो. गुणांच्या विश्लेषणासाठी या चित्रफिती बारकाईने पाहिल्या जातात. त्याच चित्रफिती दुखापतींच्या विश्लेषणासाठीही वापरता येतील. अमेरिकन फुटबॉलमध्ये असे केले जाते. २०२४ मध्ये एनएफएलने पाठीमागून कमरेला धरून आपले वजन प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर टाकण्याच्या पकडीवर बंदी घातली, ती चित्रफितींच्या अशाच अभ्यासानंतर. एक विशिष्ट पकड वगळली म्हणून खेळ संपला नाही. कबड्डीतही वजनगट, क्षेत्राची मापे व पकडींचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. त्यामुळे ‘खेळच तसा आहे’ हे स्वभाववादी विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

वेळापत्रक व अर्थकारण

२०१४ च्या पहिल्या हंगामात लीगमध्ये ८ संघ होते व साखळी फेरीत प्रत्येकाला १४ सामने खेळावे लागले. २०१७ मध्ये संघ १२ झाले आणि प्रत्येकाच्या वाट्याला साखळीतच २२ सामने आले. एनएफएलमध्ये २०२१ पासून प्रत्येक संघ १७ साखळी सामने खेळतो व दोन सामन्यांत साधारणपणे आठवड्याचे अंतर असते. कबड्डीत हे अंतर पुष्कळदा दोन-तीन दिवसांचे, क्वचित एकाच दिवसाचे असते. कबड्डीचा सामना ४० मिनिटांचा व खेळाडूंचे वजन मर्यादित असल्याने ही तुलना तंतोतंत नव्हे. तरीही स्नायू व अस्थिबंध यांना पूर्ववत होण्यास लागणारा काळ खेळाच्या लोकप्रियतेनुसार कमी होत नाही, ही शारीरिक वस्तुस्थिती आहे.

अर्थकारणाचा भाग याहून नाजूक आहे. २०१४ च्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२२ मध्ये पवन सेहरावत याला तमिळ थलैवाज संघाने २ कोटी २६ लाख रुपयांना घेतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या संघाच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली व तो संपूर्ण हंगामाला मुकला. उपचार व पुनर्वसनानंतर २०२३ मध्ये त्याला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले आणि त्याच वर्षी हांगझोऊ येथे त्याच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. पुणेरी पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार यालाही २०२४ च्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीमुळे मध्येच बाहेर बसावे लागले.

पवन सेहरावतचे उदाहरण आशादायक आहे. योग्य निदान, शस्त्रक्रिया, पुनर्वसन व विश्रांती मिळाल्यास गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनंतरही सर्वोच्च पातळीवर परतता येते, हे त्यातून सिद्ध होते. परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजू मावळासारख्या भागातील होतकरू खेळाडूच्या संदर्भात पाहणे अगत्याचे ठरते. त्याच्यापाशी करार नसतो, विमा नसतो व पुनर्वसनतज्ज्ञही नसतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. अनेक कुटुंबांच्या दृष्टीने कबड्डी म्हणजे त्या नोकरीचा दरवाजा असतो. अशा वेळी गुडघ्यातून ‘कट’ असा आवाज आला, तरी खेळाडू तो लपवतो. चार दिवस हाडवैद्याकडून चोळून घेतो, घट्ट पट्टी बांधतो आणि पुढच्या सामन्याला उभा राहतो. अस्थिबंध तुटलेल्या गुडघ्यावर खेळत राहिल्याने आतील कूर्चाही फाटते आणि जी इजा सुधारण्यासारखी होती ती कायमची होते. येथे दुखापतीचे कारण पकडीइतकेच त्या लपवण्यात असते आणि लपवण्याचे कारण निवडपद्धतीत असते. त्याला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे होईल.

गावोगावच्या स्पर्धांची रचनाही या दृष्टीने तपासली पाहिजे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारा संघ एका रात्रीत तीन-चार सामने खेळतो. वजनगटात बसण्यासाठी मुले आदल्या दिवशी पाणी व अन्न तोडतात आणि त्याच अशक्त अवस्थेत मैदानात उतरतात. अंतिम सामना मध्यरात्रीनंतर, थंडीत, थकलेल्या शरीराने होतो. प्रेक्षकांच्या उत्साहाचा तोच परमोच्च क्षण आणि खेळाडूच्या दृष्टीने तोच सर्वाधिक धोक्याचा.

उपलब्ध अभ्यासांच्या मर्यादा

कबड्डीतील दुखापतींवर भारतात अभ्यास झालेच नाहीत, असे नाही. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील अस्थिरोगतज्ज्ञांनी कबड्डीपटूंच्या गुडघ्याच्या दुखापतींविषयीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. एसीएलच्या दुखापतींचे प्राबल्य त्यातून स्पष्ट झाले. मात्र अशा रुग्णालयाधारित अभ्यासांची एक अंगभूत मर्यादा असते. जे रुग्णालयापर्यंत पोहोचले, तेच मोजले जातात. जे हाडवैद्याकडे गेले, ज्यांनी खेळ सोडला, ज्यांच्या कुटुंबाला शस्त्रक्रियेचा खर्च झेपला नाही, ते मोजणीबाहेर राहतात.

अमेरिकेतील संशोधनालाही हीच मर्यादा वेगळ्या रूपात आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई आढळला. हा आकडा धक्कादायक असला, तरी हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते. ज्यांच्यात लक्षणे दिसली त्यांच्याच कुटुंबीयांनी दान करण्याची शक्यता अधिक असल्याने, सर्व खेळाडूंमध्ये हेच प्रमाण असेल असा अर्थ त्यातून काढता येत नाही, हे संशोधकांनीही स्पष्ट केले होते. अंश मोठा दिसला तरी छेद ठाऊक नसेल तर प्रमाण कळत नाही. किती खेळाडू, किती सामने, किती चढाया, यांचा हिशेब ठेवल्याशिवाय दुखापतींचा दर काढता येणार नाही आणि दर काढल्याशिवाय मॅट, नियम वा वेळापत्रक यांपैकी दोष कोणाचा किती, हे ठरवता येणार नाही.

शरीरविषयक पारंपरिक ज्ञानाला मोजमापाची जोड देण्याची परंपरा मावळाला नवीन नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि योगक्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासून ते नियतकालिकातून प्रसिद्ध करण्याचा पायंडा पाडला. श्रद्धेचा विषय असलेली गोष्ट मोजता येते व मोजल्याने तिचे महत्त्व कमी होत नाही, ही ती दृष्टी. आसनांच्या बाबतीत जे शतकापूर्वी शक्य झाले, ते कबड्डीच्या बाबतीत आज अशक्य मानण्याचे कारण नाही.

निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अंगझटीच्या खेळातील दुखापत ही केवळ दैवाधीन वा केवळ वैयक्तिक घटना नाही. नियम, पृष्ठभाग, वेळापत्रक व अर्थकारण यांच्या एकत्रित परिणामातून ती घडते.

२) साधनांची भर घातल्याने दुखापती आपोआप घटत नाहीत. साधनांबरोबर खेळण्याची रीतही बदलते. म्हणून साधन व नियम यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

३) कबड्डीत वेगवान खेळासाठी केलेले नियम आणि मातीकडून मॅटकडे झालेले स्थित्यंतर यांचे दुखापतींवरील परिणाम स्वतंत्रपणे तपासले जाणे आवश्यक आहे.

४) खेळाडू दुखापत लपवतो, याचे मूळ त्याच्या वृत्तीपेक्षा निवड व नोकरी यांच्या रचनेत आहे.

५) या सर्वांच्या मुळाशी पद्धतशीर नोंदीचा अभाव आहे.

या संदर्भात महाविद्यालयांना करता येण्याजोग्या काही गोष्टी सुचवता येतील. शारीरिक शिक्षण विभागाने सराव व सामन्यांतील प्रत्येक दुखापतीची एकपानी नोंद ठेवावी. तीत दिनांक, पृष्ठभाग, पादत्राण, सामन्याचे मिनिट, चढाई की बचाव, पकडीचा प्रकार व खेळापासून दूर राहिलेले दिवस इतकाच तपशील पुरेसा आहे. खेळलेल्या सामन्यांची व सरावसत्रांची संख्याही सोबत लिहावी, म्हणजे दर काढता येईल. नोंदीत खेळाडूचे नाव उघड होऊ नये व तिचा उपयोग निवडीत त्याच्याविरुद्ध होऊ नये, अन्यथा लपवण्याची प्रवृत्ती नोंदवहीतही शिरेल. या कामासाठी निधीची फारशी गरज नाही. संख्याशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व समाजशास्त्र या विभागांना एकत्र आणणारा तो विद्यार्थीप्रकल्पही होऊ शकेल.

दुसरी बाब तातडीच्या उपचाराची. २ जानेवारी २०२३ रोजी एनएफएलच्या सामन्यात डमार हॅमलिन या खेळाडूचे हृदय छातीवरील आघातामुळे मैदानावरच बंद पडले. मैदानात सज्ज असलेल्या वैद्यकीय पथकाने तत्काळ छातीवर दाब देऊन व विद्युत्‌झटका देऊन त्याचे प्राण वाचवले. गावच्या कबड्डी सामन्यात चषक, ध्वनिक्षेपक व दिवे यांची तयारी असते. स्ट्रेचर व प्रथमोपचार जाणणारा माणूस बहुधा नसतो. सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ आहे आणि जनजागृती व प्रथमोपचाराचे प्रशिक्षण हा अशा दलाच्या कार्याचा भाग असतो. परिसरातील मंडळे व महाविद्यालये यांनी त्याचा लाभ घेतल्यास मोडलेला पाय चोळू नये, मानेला मार लागलेल्यास उचलून बसवू नये, श्वास थांबल्यास काय करावे, एवढे तरी मैदानावरील चार जणांना ठाऊक राहील.

समारोप

अमेरिकन फुटबॉलला सुरक्षिततेचा धडा शिकण्यास शतकाहून अधिक काळ लागला आणि तो शिकणे अजून संपलेले नाही. जेथे नोंद झाली तेथे तो खेळ सुधारला. जेथे ती टाळली गेली तेथे खेळाडूंनी किंमत मोजली. कबड्डीला हा धडा उसना मिळणारा आहे. तो घेण्यासाठी मातीची ओढ सोडण्याची वा मॅटला दोष देण्याची आवश्यकता नाही. मावळातील मैदानावर आज जो मुलगा ‘कबड्डी कबड्डी’चा दम घेत मध्यरेषा ओलांडतो, त्याचा गुडघा त्याच्या घरच्या आशेचा आधार असतो. तो गुडघा का व कसा जायबंदी झाला, हे लिहून ठेवण्याची जबाबदारी त्याला मैदानात उतरवणाऱ्या संस्थांची आहे.